उखळातला सूर्य

परत येऊन आठ दिवस झाले, तरी नाकाची साल अजून निघते आहे. सोसायटीत लोक विचारतात, "काय, समुद्रावर गेला होतात का?" मी सांगतो, गोंदिया जिल्ह्यात गेलो होतो. "मे महिन्यात? कशाला?" सावली बघायला, असं म्हटलं की माणसं माझ्याकडे नीट निरखून बघतात आणि मग आमच्या सौभाग्यवतींची चौकशी करतात: बऱ्या आहेत ना, फार धावपळ होत नाही ना त्यांची. प्रत्येकाला जिन्यात थांबवून सांगण्यापेक्षा एकदाच काय ते लिहून काढतो.

मी एकतीस वर्षं पुण्यात एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्या लोकांच्या बरोबर डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो आणि त्या क्षणी उभ्या काठीची सावली नाहीशी होते, हे मी फळ्यावर दरवर्षी काढलं. प्रत्यक्षात एकदाही पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर प्रयत्न केला. पुण्यात तो दिवस मेच्या मध्याला येतो. पहिल्या वर्षी ढग आले. दुसऱ्या वर्षी नेमक्या त्या मिनिटाला गॅसवाला आला. या वर्षी पुन्हा ढग.

पण खरं कारण सावली नव्हतं. खरं कारण आमची सुमन.

लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो, तिथे तिने माझा हात धरून मला इंद्रधनुष्य दाखवलं. मी म्हणालो, बेचाळीस अंश. एवढ्यावर थांबलो असतो तर संसार वेगळा झाला असता. मी पुढे सांगितलं की प्रत्येकाच्या डोळ्याला पोचणारे थेंब वेगळे असतात, म्हणून तू बघते आहेस ते आणि मी बघतो आहे ते इंद्रधनुष्य एक नव्हेच. तिने हात सोडला. नंतर कधी चंद्राचं खळं, कधी कोळ्याचं जाळं, ती हाक मारायची आणि मी जाऊन कारण सांगायचो. हाका हळूहळू कमी झाल्या आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत दहा मिनिटं निश्चल उभी होती. मी वर्तमानपत्रातून विचारलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही." मी पोचलो तेव्हा तारेवरून काहीतरी निळं उडून गेलं होतं. "मला का नाही बोलावलंस?" तर म्हणाली, "तुम्ही आलात की पक्षी राहत नाही, त्याचा धडा होतो."

हे मला फार लागलं. त्यात खोटं काही नव्हतं म्हणून जास्तच.

अशात अर्जुनी मोरगावहून मेश्राम सरांचा फोन आला. एका शिक्षक-प्रशिक्षणात आमची ओळख झाली होती. तेही विज्ञानाचे, तेही निवृत्त. म्हणाले, "आमच्याकडे तुमच्यानंतर दहाबारा दिवसांनी येतो सूर्य डोक्यावर. ढगाचं नाव नसते. या." सुमन म्हणाली, "जा. पण अख्ख्या प्रवासात कोणाला काही समजावून सांगायचं नाही. नुसतं बघायचं. आणि मला येऊन काय वाटलं ते सांगायचं, सूत्र नाही." मी विचारलं, काहीच वाटलं नाही तर? ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "मग तसं सांगा." मला तीच भीती होती. एकदा कारण पाठ झालं की गोष्टच मरते, हे तिचं म्हणणं खरं निघालं तर ती मला पुन्हा कधीच हाक मारणार नव्हती.

गोंदिया ते कोहमारा

माझं सामान असं: दोन सदरे, मीटरभर लांबीचा ॲल्युमिनियमचा दांडा, पाणसळ आणि पितळी ओळंबा. दांडा अगदी उभा पाहिजे ना, म्हणून. गोंदिया स्टेशनाबाहेर चहावाल्याशी मी मराठीत बोललो, त्याने हिंदीत उत्तर दिलं, मी हिंदीत बोललो तर त्याने मराठीत. शेवटी चहा मिळाला. त्याने दांड्याकडे बघून विचारलं, "किधर काम चालू है?"

एसटीत कंडक्टरने मला गवंडी समजून पुढची सीट दिली. मी शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं की मी सावली बघायला आलो आहे. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "तुमच्या पुण्यात नाही का जी सावली?" मी म्हणालो, आहे, पण मला नाहीशी होताना बघायची आहे. "मंग नवतपात कायले आले? ढगात यायचं, सावलीच राहत नाही." नवतपा म्हणजे तिकडचे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस.

बाहेर धानाची रिकामी शेतं भाजून निघत होती. पुढे रस्त्यावर पाणी चमकलं. "पाहा," म्हातारा म्हणाला, "पानी दिसून राहिलं. जवळ गेलं का पळते. काऊन पळत असंन?" मृगजळ हा माझा आवडता धडा. तापलेल्या हवेचे थर, प्रकाशाचं वाकणं, सगळं जिभेच्या टोकावर आलं. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि संपेपर्यंत काढली नाही. म्हातारा म्हणाला, "गरमी लागली यायले," आणि आपल्या पिशवीतला एक कांदा काढून माझ्या खिशात घातला. ऊन लागू नये म्हणून तिकडे खिशात कांदा ठेवतात. का, ते मी विचारलं नाही; विचारलं असतं तर मलाच सांगावंसं वाटलं असतं.

कोहमाऱ्याला हायवेच्या तिठ्यावर गाडी थांबली. ढाब्याच्या मालकाने माझी पाणसळ पाहिली आणि हात धरून मला आत नेलं. "मिस्त्री, एक मिनिट. हा भट्टीचा ओटा पाहून द्या. साला वरण एकाच बाजूले सांडते." मी मिस्त्री नाही म्हणालो. तो म्हणाला, "सबही ऐसा बोलते है." मग पाणसळ ठेवली. बुडबुडा पळत कडेला गेला. चार ट्रक ड्रायव्हर जेवण सोडून बघायला आले. मी बोटाने दाखवलं, तोंडाने नाही, एवढी शपथ पाळली. मालकाने जेवणाचं काही घेतलं नाही, वर कांदा दिला. खिशात आता दोन झाले.

अर्जुनी मोरगाव

मेश्राम सरांनी दारातच "जय भीम" केला, मी नमस्कार केला आणि दोघांनी मिळून आधी कूलरची दिशा बदलली. कूलर तिथे घरच्या वडीलधाऱ्यासारखा असतो. पाहुण्याला त्याच्यासमोर बसवतात आणि बोलणं त्याच्या आवाजावरून ओरडून करतात. शीलावहिनींनी जेवायला वाढलं: भात, लाखोळीचं वरण, सुक्या झिंग्यांची चटणी. मी सवयीने पोळीची वाट बघत थांबलो. वहिनी वाढायची वाट बघत थांबल्या. शेवटी त्यांच्या लक्षात आलं. "पोळी सणाले," त्या म्हणाल्या आणि भाताचा दुसरा डोंगर ठेवला. चटणी अशी होती की मी तिसराही चढलो.

संध्याकाळी सरांच्या अंगणात आम्ही जागा ठरवली. जमीन सपाट केली, पाणसळ लावली, दांड्यासाठी खड्डा केला. मी सांगितलं, उद्या बारा वाजून सात मिनिटं. घड्याळातले बारा हे सगळ्या देशाचे असतात, गावाचा मध्यान्ह आपला आपला असतो. सरांना हे माहीतच होतं, त्यामुळे शपथ मोडली नाही असं मी धरलं. पण सरांनी गावाच्या ग्रुपवर बाराची वेळ टाकली होती. "अहो सर, बारा सात म्हटलं तर लोक म्हणतात, ही काय रेल्वे आहे? बारा म्हणजे बारा. एकतीस वर्षं तुम्हीबी घंटेवरच शिकवलं ना."

कुंपणापलीकडून एक बाई हे ऐकत उभ्या होत्या. सगुणाबाई, सरांच्या शेजारी. दुसऱ्याचं शेत ठेक्यानं घेऊन धान करतात. पंचावन्नच्या असतील. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढा आटापिटा कायले जी? सूर्य तं माया घरी येते." मी हात जोडले. भाविक दिसतात, असं मनात म्हटलं आणि दांड्याकडे वळलो. हे लिहिताना माझे कान गरम होतात.

मांडव

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला तलाव दाखवायला घेऊन गेले. अकराला परतलो तर अंगणात मांडव उभा होता. बांबूचे खांब, वर जांभळीच्या हिरव्यागार डहाळ्या, खाली सडा घातलेला, खुर्च्या मांडलेल्या. आणि मांडवाच्या बरोबर मध्यभागी, दाट, गार, मायाळू सावलीत माझा दांडा उभा. त्याला झेंडूची माळ घातली होती.

मेश्राम सर मटकन खुर्चीवर बसले. "शीला," ते म्हणाले, "अगं, सावली बघायची आहे."

"मंग केली ना सावली," वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून आठ बाया लागल्या. पाहुणा पुण्याहून आला अन् नवतपात उन्हात उभा केला, असं झालं तं मले गावात तोंड दाखवाले जागा नाही."

आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारतात. फार जवळचा असेल तर पंखा लावतात. इथे त्याच्या डोक्यावर झाड आणून ठेवलं होतं. त्या आठ बाया पदराने घाम पुसत माझं तोंड बघत होत्या. मांडव सोडा, असं म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "फार छान झालाय," आणि दांडा उपटून रस्त्यावर नेला.

रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. दांड्यासाठी खड्डा करता येईना म्हणून तो दोन विटांच्या मध्ये उभा केला. पावणेबारापर्यंत वीसपंचवीस माणसं जमली, डोक्याला दुपट्टे गुंडाळून आणि, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं, छत्र्या घेऊन. सावलीच्या शोधात आलेल्या मंडळींनी दांड्याभोवती काळ्या छत्र्यांचं कडं केलं. त्या सावल्यांत माझी सावली कुठली ते मला कळेना. सरांनी ओरडून छत्र्या मागे घ्यायला लावल्या. तरी एक गृहस्थ माझ्या मागे राहून इमानाने माझ्याच डोक्यावर छत्री धरून होते. मी डावीकडे सरकलो की तेही सरकायचे.

बारा वाजले. दांड्याच्या बुंध्याशी दोन बोटं सावली स्पष्ट दिसत होती.

"हाय ना जी सावली," कोणीतरी म्हणालं. सर म्हणाले, सात मिनिटं थांबा. "बारा म्हटलं होतं." सर पुन्हा म्हणाले, थांबा. पण तेवढ्यात मांडवातून वहिनींची हाक आली की पन्हं तयार आहे, आणि एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर वर्ग आवरता येत नाही. रस्ता रिकामा झाला; माझ्या डोक्यावरची छत्री तेवढी मागे राहिली. सरांचा चेहरा बघवेना. गावात ज्यांनी त्यांना कधी खोटं ठरवलं नव्हतं, ते सगळे आता मांडवात बसून पन्हं पीत होते.

मी घड्याळ काढून सरांच्या हातात देत होतो, तेवढ्यात सगुणाबाईंनी माझा दंड धरला. "चला," त्या म्हणाल्या. "इथं काय डांबर पाहून राहिले. टाइम झाला त्याचा यायचा."

सगुणाबाईंचं घर

मी का गेलो ते मला सांगता येणार नाही. सावलीसाठी एक दिवस-एक रात्र गाडीत बसून आलो आणि चार मिनिटं उरली असताना एका बाईच्या मागे ठेंगण्या दारातून वाकून अंधारात शिरलो.

आत गार होतं. शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात धानाची कोठी, आणि मधोमध जमिनीत पुरलेलं जुनं दगडी उखळ. धान गिरणीत जायला लागल्यापासून ते रिकामंच आहे. त्याच्या आत, उतारावर, रुपयाएवढा उजेडाचा एक गोल पडला होता.

"ते कवेलू माकडानं फोडलं," छपरातल्या फुटक्या कौलाकडे बोट करून सगुणाबाई म्हणाल्या. "तीस वरसं झाली. बाकीचे सारे बदलले, ते बदलू देलं नाही. लेक म्हणते टिना टाकू. मी म्हणतो, मी मेल्यावर टाक." तिकडे बायकाही 'मी म्हणतो' म्हणतात, त्यांच्या तोंडी ते शोभतंही. "थंडीत तो तिकडे कोठीच्या पायाशी राहते. शिमग्यापासून रोज थोडा थोडा इकडे सरकते. नवतपात उखळात उतरते. मंग सहा बोटं पल्याड जाते, तिथं थांबते, अन् फिरून येते. रोवण्याच्या दिवसांत पुन्हा उखळात."

मी उभ्या उभ्या गार झालो. वर्षातून दोनदा डोक्यावर, मध्ये थोडा पलीकडे उत्तरेला, मग परत. एकतीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती या बाईंच्या जमिनीवर पडली होती, बोटांनी मोजलेली. दुसऱ्या वेळेला, जुलैत भाताच्या लावणीच्या सुमारास, आकाशात ढग असतात म्हणून कोणी बघत नाही, असं मी मुलांना सांगत असे. ढग फाटले की या बाई बघत होत्या.

खिशातून ओळंबा काढला, खाटेवर चढलो आणि फुटक्या कवेलूपाशी दोरी धरली. पितळी टोक हळूहळू झुलायचं थांबलं. ते उखळाच्या बरोबर मध्यावर होतं. माकडाने जागा निवडली होती.

"हलवू नका," सगुणाबाई म्हणाल्या. दोरी वर ओढून घेतली. गोल उताराने खाली सरकत होता, डोळ्यांना दिसेल न दिसेल असा. तो उखळाच्या तळाशी आला. घड्याळ माझ्याकडे नव्हतं. किती वाजले ते मला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. मला एवढंच कळत होतं की आपण, ही खाट, हे घर, सगळं एका बाजूला कलून फिरतं आहे आणि त्यातून एक तेवढी सरळ रेषा या दगडात उतरली आहे. असं मला शाळेत असताना पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा झालं होतं. मग कधी झालं नव्हतं.

"काऊन येते तो इथं?" सगुणाबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणालो, "बाई, माफ करा, मी सांगणार नाही. सांगितलं की त्यातली मजा जाते."

"मजा काय तुमची हाय?" त्या एकदम तापल्या. "तीस वरसं मी पाहून राहिलो. कोनाले विचारलं तं हसते. आता सांगनारा आला, अन् तोंड बंद करून खाटेवर उभा. उतरा खाली."

मी खाली उतरलो आणि खिशातून कांदा काढला. शपथ तिथे मोडली. कांदा तिरपा धरून दाराच्या उजेडाभोवती फिरवला, उखळाच्या जागी नखाने खूण केली, सूर्य कधी खुणेवर, कधी पल्याड, कधी अल्याड कसा येतो ते दाखवलं. पळीने, कांद्याने, हातवाऱ्यांनी. त्या मध्ये मध्ये थांबवून पुन्हा फिरवायला लावत होत्या. सहा बोटांपुढे का जात नाही, हे विचारल्यावर कांदा माझ्या हातून घेऊन त्यांनीच फिरवला आणि स्वतःच म्हणाल्या, "एवढाच कलला हाय म्हनून."

मग मी म्हणालो, "आणखी एक. वर भोक तिकोनी आहे, खाली उजेड गोल आहे. लहान भोकातून आला की असं होतं. हा नुसता उजेड नाही. हे सूर्याचंच चित्र आहे."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "काल काय सांगितलं मी तुमाले? सूर्य माया घरी येते."

काल मी हात जोडले होते. आज जोडावेसे वाटत होते ते वेगळ्या कारणासाठी. थोड्या वेळाने त्यांनी कांद्यावरच्या खुणेतून नखाने आडवी रेघ मारली, कांद्याला वळसा घालून पुन्हा खुणेपाशी आणली. "मंग या रेघेवर जे जे घर हाय, त्या साऱ्यायच्या घरी तो आज येते?" मी म्हणालो, हो. ब्रह्मदेशात, व्हिएतनामात, अरबस्तानात, पार मेक्सिकोत, आपापल्या दुपारी. त्या उखळाच्या काठावर बसल्या. गोल आता दुसऱ्या बाजूने वर चढायला लागला होता.

"तिकडच्या बायायले कोनी सांगितलं असंन का?" त्या म्हणाल्या. "मले वाटे माया एकटीच्या घरी येते." आणि एवढा मोठा हिस्सा वाटून गेल्यावर त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण त्या हसत होत्या. पुन्हा पुन्हा रेघेवरून बोट फिरवून हसत होत्या.

बाहेरून मेश्राम सर धावत आले. एका हातात माझं घड्याळ, दुसऱ्यात दांडा. "गेली, सर! बारा सातला गेली! मी आणि तो छत्रीवाला, दोघांनी पाहिली. तुम्ही कुठं होते?"

त्या दुपारी मांडवातले सगळे, पन्ह्याचे पेले हातात घेऊन, उखळ बघून गेले. गोल तोवर निघून गेला होता. सगुणाबाई कांदा घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला समजावून सांगत होत्या. मेश्राम सर शेजारी उभे राहून मान हलवत होते.

पुणे

त्याच रात्री अर्जुनीहूनच सुमनला फोन केला होता. "गेली का सावली?" मी म्हणालो, "गेली म्हणतात. मी घरात होतो." मग उखळाचं सांगितलं. तिने विचारलं, "समजावून सांगितलंत ना त्या बाईंना?" मी म्हणालो, हो, शपथ मोडली, त्यांनी विचारलं म्हणून. "बरं," म्हणून तिने फोन ठेवला. परतीच्या प्रवासात ते "बरं" मी सगळ्या बाजूंनी तपासलं. काही हाती लागलं नाही.

पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र उघडलं. रेडिओवर आठच्या बातम्या सुरू झाल्या आणि स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, जरा इकडे या."

मी चष्मा न घालताच उठलो. सुमन फरशीवर बसली होती. पूर्वेच्या खिडकीच्या जाळीतून उजेडाचा एक गोल खाली पडला होता आणि त्याच्या शेजारी एका ओळीत तिने तीन टिकल्या चिकटवल्या होत्या, फोनच्या दुसऱ्या दिवसापासून रोज एक. चौथी बोटावर तयार होती.

"रोज आठ वाजताच लावते," ती म्हणाली. "तरी बघा, सरकतोय. का हो असं?"

एकतीस वर्षं ओठांवर आली. मी गुडघे धरत तिच्याशेजारी खाली बसलो आणि म्हणालो, "थांब, आधी बघू दे."

ती थोडी सरकली, मला जागा करून दिली आणि चौथी टिकली लावली. बातम्या संपेपर्यंत आम्ही तिथेच बसलो होतो. मग ती म्हणाली, "हं, आता सांगा."